घाण्याची पद्धत व अखंड पद्धत : सूक्ष्मजंतूंकडून पोषक द्रव्ये कशी तयार करतात

कुक्कुटपालन करणारा शेतकरी तयार खाद्याचे पोते घरी आणतो, तेव्हा त्यातील मका, सोयाबीनची पेंड, तांदळाचा कोंडा ही द्रव्ये त्याच्या परिचयाची असतात. पोत्यास शिवलेल्या चिठ्ठीवर मात्र आणखी काही नावे आढळतात : लायसिन, जीवनसत्त्व ब-२, जीवनसत्त्व ब-१२. ही द्रव्ये अत्यल्प लागतात. टनभर खाद्यास लायसिन काही किलो, तर ब-१२ केवळ काही मिलिग्रॅम पुरते. पण त्यांची उणीव राहिली तर पिलांची वाढ खुंटते आणि उबवणीस ठेवलेल्या अंड्यांतील पिले अंड्यातच मरू लागतात. शेतकऱ्याचा खाद्यावरील सारा खर्च अशा चिमूटभर द्रव्यांवाचून वाया जाऊ शकतो.

ही तिन्ही द्रव्ये आज मुख्यतः सूक्ष्मजंतूंकडून करवून घेतली जातात. ती करवून घेण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एक घाण्याची पद्धत आणि दुसरी अखंड पद्धत. पहिलीत पात्र भरावयाचे, काम पुरे झाले की रिते करावयाचे व पुन्हा भरावयाचे. दुसरीत पात्र कधीच रिते करावयाचे नाही. एका बाजूने कच्चा माल आत येत राहतो व दुसऱ्या बाजूने तयार माल बाहेर पडत राहतो. या दोहोंत अधिक चांगली कोणती, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर पात्राच्या आकारावरून ठरत नाही. ते जंतूच्या स्वभावावरून आणि आपणांस त्याच्याकडून काय हवे आहे त्यावरून ठरते. हे एकदा नीट ध्यानात आले, तर गोठ्यातील व घरातील अनेक गोष्टींचाही उलगडा होतो.

जंतूंच्या वाढीच्या चार अवस्था

सायंकाळी कोमट दुधास विरजण लावले की सकाळी दही तयार असते. या अवधीत दुधात जे घडते तेच मोठ्या कारखान्यातील पात्रातही घडते. म्हणून प्रथम दह्याचेच उदाहरण घेऊ.

विरजणातील जंतू दुधात पडताच वाढू लागत नाहीत. प्रथम काही काळ ते नव्या जागी रुळतात. ही पहिली अवस्था. त्यानंतर त्यांची भरभराट सुरू होते. एकाचे दोन, दोहोंचे चार, चारांचे आठ असे ते वाढत जातात. एखादा जंतू अर्ध्या तासात दुप्पट होत असेल, तर दहा तासांत त्या एकाचे दहा लाखांहून अधिक जंतू होतात. ही दुसरी अवस्था. दुधातील साखरेचे आम्ल होत जाते, आंबटपणा वाढतो आणि त्या आंबटपणामुळे जंतूंची स्वतःचीच वाढ थांबते. ही तिसरी अवस्था होय. दही तसेच उन्हाळ्यात बाहेर ठेवले तर जंतू मरू लागतात व दही बिघडते. ही चौथी अवस्था.

या चार अवस्था ध्यानात ठेवाव्यात. पुढील सर्व विवेचन त्यांवरच आधारलेले आहे.

घाण्याची पद्धत

कढईत भज्यांचा एक घाणा तळून निघाल्यावर दुसरा टाकतात. गुऱ्हाळात एका काहिलीतील रसाचा गूळ उतरल्यावर ती धुऊन पुन्हा रसाने भरतात. मुरघासाचा खड्डा हाही एक घाणाच आहे. हिरवा चारा बारीक कापून, दाबून, हवा न राहील असा झाकला की तो आंबून मुरेपर्यंत त्यात काही घालावयाचे नाही व काही काढावयाचे नाही.

कारखान्यात हेच काम अधिक काटेकोरपणे होते. पोलादी पात्रात साखरेचे किंवा स्टार्चपासून केलेल्या साखरेचे द्रावण, नत्र व क्षार घालतात. दाबाखालील वाफेने ते १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून निर्जंतुक करतात व निववितात. नंतर शुद्ध जंतूंचे ताजे विरजण त्यात सोडतात. जंतूस हवा लागत असेल तर गाळून शुद्ध केलेली हवा तळातून सोडतात आणि द्रावण ढवळत ठेवतात. तापमान व आंबटपणा ठराविक मर्यादेत राखतात. एक, दोन किंवा अधिक दिवसांनी काम पुरे झाले की सर्व द्रावण काढून घेतात, पात्र धुतात, पुन्हा वाफ देतात व पुढील घाणा भरतात.

या पद्धतीचा मोठा गुण असा की प्रत्येक घाणा दुसऱ्यापासून वेगळा राहतो. एक बिघडला तर एकच टाकून द्यावा लागतो. पात्र मोकळे होताच त्यात दुसरा जंतू घालून दुसरे द्रव्यही करता येते. दोष असा की भरणे, तापविणे, निवविणे, धुणे यांत बराच वेळ जातो आणि त्या वेळात पात्रातून काहीच उत्पन्न मिळत नाही. शिवाय प्रत्येक वेळी जंतूंस नव्याने रुळावे लागते.

अखंड पद्धत

अखंड पद्धतीत जंतूंस भरभराटीच्या अवस्थेतच कायम राखले जाते. ताजे पोषक द्रावण ठराविक वेगाने पात्रात येते आणि तेवढेच द्रावण जंतूंसह बाहेर पडते. आतील जंतूंस अन्न संपल्याची जाणीवच होऊ दिली जात नाही. या पद्धतीचा शास्त्रीय पाया १९५० साली घातला गेला. पॅरिस येथील जाक मोनो यांनी, तसेच शिकागो येथील ॲरन नोव्हिक व लिओ झिलार्ड यांनी, एकाच वर्षी स्वतंत्रपणे तो मांडला.

या पद्धतीचा एक नियम अतिशय महत्त्वाचा आहे. जंतू ज्या वेगाने वाढतात त्याहून अधिक वेगाने द्रावण बाहेर जाता कामा नये. गेले तर जंतू वाढण्यापूर्वीच वाहून जातात व पात्रात नुसते पाणी उरते. समजा, हजार लिटरच्या पात्रातून तासाला शंभर लिटर द्रावण बाहेर पडते. तर त्यातील जंतू निदान सात तासांत दुप्पट झाले पाहिजेत. ज्यांस दुप्पट होण्यास आठ तास लागतात असे जंतू त्या पात्रात टिकणार नाहीत.

हा नियम शेतकऱ्यास नवा वाटण्याचे कारण नाही. गोबरगॅस संयंत्र हे अखंड पद्धतीचेच उदाहरण आहे. दोन घनमीटरच्या संयंत्रात रोज सुमारे पन्नास किलो शेण व तेवढेच पाणी घालतात, म्हणजे रोज शंभर लिटर काला आत जातो. महाराष्ट्राच्या हवामानात काला सुमारे चाळीस दिवस आत राहावा असा हिशेब धरला, तर चार हजार लिटरची विहीर लागते. कोणी अधिक गॅसच्या आशेने रोज दोनशे लिटर काला ओतू लागला, तर काला वीसच दिवसांत बाहेर पडतो. वायू निर्माण करणारे जंतू संथपणे वाढणारे असतात. ते वाहून जातात आणि गॅस वाढण्याऐवजी घटतो.

दुसरे उदाहरण गोठ्यातच उभे आहे. गाईम्हशींचे कोटीपोट, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, हे निसर्गाने केलेले अखंड पात्र होय. त्यात चारा येत राहतो, लाळ मिसळत राहते, जंतू कडब्यातील काष्ठमय भाग फोडतात व त्यावर स्वतः वाढतात. पुढे ते जंतू चाऱ्याबरोबर वाहत जाऊन चौथ्या कप्प्यात व आतड्यात पचतात. जनावरास मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा भाग या जंतूंच्या शरीरांतूनच मिळतो. खनिज मिश्रणातून पुरेसे कोबाल्ट मिळाल्यास हेच जंतू जीवनसत्त्व ब-१२ ही तयार करतात. कोंबडीस असे कोटीपोट नाही. म्हणून गाईस जे आपोआप मिळते ते कोंबडीच्या खाद्यात वरून घालावे लागते.

उत्पन्नाचा हिशेब

दोन्ही पद्धतींची तुलना करण्यासाठी एक हिशेब मांडू. यातील आकडे केवळ समजण्याच्या सोयीसाठी घेतलेले आहेत.

हजार लिटरचे एक पात्र आहे. घाण्याच्या पद्धतीत जंतूंची वाढ होण्यास २४ तास आणि रिकामे करणे, धुणे, वाफ देणे व भरणे यांस ८ तास, असे एका घाण्यास ३२ तास लागतात. प्रत्येक घाण्यास वाळलेला माल २० किलो मिळतो. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. म्हणजे २२ घाणे पुरे होतात व ४४० किलो माल हाती येतो.

त्याच पात्रात अखंड पद्धतीने काम केले, तर पहिले ३२ तास तयारीत जातील. नंतर तासाला १०० लिटर द्रावण बाहेर पडेल. प्रत्येक लिटरात १५ ग्रॅम माल धरला, तर तासाला दीड किलो माल मिळेल. उरलेल्या ६८८ तासांत १,०३२ किलो माल होईल. म्हणजे पात्र तेच असून उत्पन्न दुपटीहून अधिक.

आता अपघाताचा विचार करू. पात्रात परका जंतू शिरला. घाण्याच्या पद्धतीत २० किलोचा एक घाणा गेला. अखंड पद्धतीत परका जंतू शिरल्याचे दोन दिवसांनी ध्यानात आले असे धरू. त्या ४८ तासांतील ७२ किलो माल टाकावा लागला आणि पुन्हा सुरुवात करण्याच्या ३२ तासांत आणखी ४८ किलो माल बुडाला. एकूण तोटा १२० किलो. महिन्यात असे सहा अपघात झाले, तर घाण्याच्या पद्धतीत ३२० किलो आणि अखंड पद्धतीत ३१२ किलो माल उरेल. म्हणजे दर पाच दिवसांस एक अपघात होऊ लागला की अखंड पद्धतीचा सारा लाभ नाहीसा होतो. महिन्यात एकच अपघात झाला, तर मात्र अखंड पद्धत ९१२ किलो देऊन दुपटीहून पुढे राहते.

यावरून असे दिसते की अखंड पद्धतीचा नफा शुद्धतेवर अवलंबून आहे. जो शुद्धता राखू शकेल त्यालाच तो मिळेल.

सर्व कारखाने अखंड पद्धती का वापरीत नाहीत

इतका लाभ दिसत असूनही लायसिन, जीवनसत्त्व ब-२ व ब-१२ ही द्रव्ये मुख्यतः घाण्यानेच तयार केली जातात. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण परक्या जंतूंचे. तो हिशेब वर आलाच आहे. साखरेचे कोमट द्रावण हे हवेतील हजारो जंतूंस मेजवानीचे आमंत्रणच असते. घाणा एकदोन दिवसांत संपतो. अखंड पात्राचे दार मात्र आठवडेच्या आठवडे उघडे राहिल्यासारखे असते.

दुसरे कारण वाण बिघडण्याचे. १९५७ साली जपानमधील शुकुओ किनोशिता व त्यांचे सहकारी यांनी ग्लुटामिक आम्ल विपुल प्रमाणात बाहेर टाकणारा एक जंतू प्रसिद्ध केला. त्याच जंतूच्या निवडक वाणांपासून पुढे लायसिन मिळू लागले. सामान्य जंतू आपल्या गरजेपुरतेच लायसिन तयार करतो. निवडक वाणात ही मर्यादा मोडलेली असते, म्हणून तो गरजेहून कितीतरी अधिक लायसिन करतो. पण त्यामुळे त्याची स्वतःची वाढ मागे पडते. लाखो जंतूंत एखादा असा निपजतो, जो लायसिन करण्याचे सोडून देतो व नुसता वाढतो. बीजोत्पादनाच्या शेतातील भेसळीची झाडे वेळीच उपटली नाहीत तर काही पिढ्यांत वाण बिघडतो, हे शेतकरी जाणतात. अखंड पात्रात तर जंतूंच्या कित्येक पिढ्या एका आठवड्यात होतात. भेसळीचा जंतू जलद वाढणारा असल्याने तोच पात्र व्यापतो आणि कामाचा जंतू वाहून जातो. घाण्याच्या पद्धतीत प्रत्येक वेळी मूळ शुद्ध विरजणापासून सुरुवात होत असल्याने हा धोका पुष्कळ कमी असतो.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. कित्येक द्रव्ये जंतू आपल्या भरभराटीच्या काळात देत नाही, वाढ मंदावल्यावर देतो. जीवनसत्त्व ब-२ हे ॲशबिया गॉसिपी नावाच्या बुरशीपासून मिळविता येते. मूळची ही कपाशीच्या बोंडात रोग उत्पन्न करणारी बुरशी असून बोंडे शोषणाऱ्या लाल ढेकण्यांसारख्या किडींबरोबर ती पसरते. पात्रात मात्र तीच बुरशी माणसाच्या उपयोगी पडते. प्रथम ती वाढते आणि वाढ मंदावल्यावर तिच्यात पिवळे जीवनसत्त्व साठू लागते. अखंड पात्रात तिला सदैव वाढतच ठेवले, तर हवे ते द्रव्य पदरात अल्पच पडेल.

ब-१२ ची गोष्ट याहून बोधप्रद आहे. हे जीवनसत्त्व १९४८ साली शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की ते रासायनिक रीतीने तयार करणे व्यापारी दृष्ट्या परवडत नाही. वनस्पती ते तयार करीत नाहीत. जंतूच ते करतात. त्यांपैकी प्रोपिऑनिक आम्ल देणाऱ्या जंतूस प्रथम काही दिवस हवेवाचून वाढवावे लागते. त्या अवधीत द्रव्याचा बहुतेक भाग घडतो. परंतु त्याचा एक लहान तुकडा हवेवाचून घडत नाही, म्हणून शेवटी हवा सोडावी लागते. आधी हवा नको, नंतर हवा हवी, असा क्रम एका घाण्यात सहज साधतो. एकाच अखंड पात्रात दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे शक्य नाही.

मधला मार्ग : पुरवणीची पद्धत

या दोहोंच्या मध्ये एक तिसरी रीत आहे. तीत घाणा एकच असतो, परंतु सर्व अन्न आरंभीच न घालता थोडेथोडे पुरवीत जातात व शेवटी पात्र एकदम रिकामे करतात. पावाचे यीस्ट या रीतीने तयार होते. साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या काळ्या दाट पाकाचे, म्हणजे मोलॅसिसचे, सर्व द्रावण यीस्टला एकदम दिले तर ते भराभर मद्यार्क करू लागते व स्वतः कमी वाढते. तेच द्रावण भुकेइतकेच थोडेथोडे दिले व भरपूर हवा दिली, तर मद्यार्क होत नाही आणि त्याच साखरेत यीस्ट कितीतरी अधिक मिळते. लायसिनचे कारखानेही बहुतांशी हीच रीत अवलंबितात. पिकास सर्व नत्र पेरणीबरोबर न देता दोनतीन हप्त्यांत द्यावे, हा सल्ला ज्यास पटतो त्यास ही रीत समजण्यास अडचण पडू नये.

अखंड पद्धतीचे यश व अपयश

जेथे जंतूकडून एखादे द्रव्य नको असून जंतू स्वतःच अन्न म्हणून हवा असतो, तेथे अखंड पद्धत शोभून दिसते. कारण भरभराटीची अवस्था हीच तेथे उत्पन्नाची अवस्था असते.

इंग्लंडमध्ये फ्युझेरियम जातीच्या एका बुरशीपासून मांसासारखा प्रथिनयुक्त पदार्थ तयार करतात. १९८५ पासून तो बाजारात आहे. बिलिंगहॅम येथे त्यासाठी सुमारे पन्नास मीटर उंचीची, १५५ घनमीटर मापाची पात्रे उभारण्यात आली. तेथे अखंड पद्धतीने काम चालते. परंतु तेथेही अखंड याचा अर्थ कायमचे असा नाही. सुमारे सहा आठवड्यांनी पात्रात दाट फांद्या फुटणारी बदललेली बुरशी वरचढ होऊ लागते व मालाचा तंतूमय पोत बिघडतो. म्हणून पात्र थांबवून, धुऊन, शुद्ध विरजणाने पुन्हा आरंभ करावा लागतो.

त्याच बिलिंगहॅम येथे १९८० च्या सुमारास याहूनही मोठा प्रयोग झाला होता. नैसर्गिक वायूपासून मिळणाऱ्या मिथेनॉलवर जंतू वाढवून ते पशुखाद्यासाठी वाळविण्याचा तो उद्योग होता. पात्र पंधरा लाख लिटरचे होते आणि काम अखंड पद्धतीने चाले. शास्त्रीय दृष्ट्या प्रयोग यशस्वी झाला. परंतु सोयाबीनची पेंड व मासळीची भुकटी स्वस्त मिळत राहिली आणि कच्चा माल महाग पडू लागला. त्यामुळे काही वर्षांतच तो बंद करावा लागला. कसदार पीक आले तरी बाजारभाव पडला की शेतकऱ्यास जे अनुभवावे लागते, तेच या कारखान्यासही अनुभवावे लागले.

बॅच नंबर का पाहावा

घाण्याच्या पद्धतीचा आणखी एक लाभ ग्राहकास होतो. औषधाच्या किंवा जीवनसत्त्वाच्या पुडीवर जो बॅच नंबर छापलेला असतो, तो त्या मालाच्या घाण्याचा किंवा खेपेचा क्रमांक असतो. १९८९ साली अमेरिकेत ट्रिप्टोफॅन नावाचे द्रव्य घेणाऱ्या पंधराशेहून अधिक लोकांस स्नायूंच्या वेदनांचा गंभीर विकार जडला व तीसहून अधिक लोक दगावले. ट्रिप्टोफॅन हेही जंतूंकडून करविलेले पोषक द्रव्य होय. तपास करणाऱ्यांनी मालाचे क्रमांक जुळवून पाहिले, तेव्हा विकाराचा संबंध एकाच उत्पादकाच्या मालाशी असल्याचे उघड झाले. त्या सुमारास तेथे जंतूचा वाण व शुद्धीकरणाची रीत या दोहोंत बदल करण्यात आला होता. क्रमांक नसता तर हा माग लागणे दुर्घट झाले असते.

अखंड पद्धतीच्या मालासही वेळेनुसार भाग पाडून क्रमांक द्यावे लागतात. परंतु तेथे एका भागाचा दोष पुढील भागात उतरतो. म्हणून शेतकऱ्यांनी क्रमांक व तारीख नसलेले सुटे जीवनसत्त्व मिश्रण, ते कितीही स्वस्त मिळत असले तरी, घेऊ नये.

गावपातळीवर ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. गोबरगॅस : काल्याचे रोजचे प्रमाण बदलू नये. एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट काला ओतू नये. साबणाचे पाणी, फिनेल किंवा प्रतिजैविक औषधे चालू असलेल्या जनावराचे शेण संयंत्रात जाऊ देऊ नये. अखंड पात्रातील जंतू एकदा मेले की ते पुन्हा वाढण्यास आठवडे लागतात.

२. जनावरांचा आहार : कोटीपोटातील जंतूंस नव्या चाऱ्याची सवय होण्यास दहापंधरा दिवस लागतात. म्हणून आहार हळूहळू बदलावा. खळ्यावरील धान्य किंवा लग्नसमारंभातील उरलेले अन्न जनावराने एकदम भरपूर खाल्ले, तर कोटीपोटात आम्ल साचून ते दगावू शकते. खनिज मिश्रण नियमाने द्यावे.

३. दही व ताक : तेच विरजण महिनोन् महिने पुढे चालवीत गेल्यास परके जंतू शिरतात व दह्यास तार किंवा वास येतो. असे झाल्यास चांगल्या ठिकाणचे ताजे विरजण आणून नव्याने आरंभ करावा. कासदाहावर औषध चालू असलेल्या जनावराचे दूध विरजू नये व विकूही नये.

४. मुरघास : खड्डा एकदा झाकला की मुरेपर्यंत उघडून पाहू नये. उघडल्यावर रोज एकसारखा थर काढून उघडी बाजू पुन्हा झाकावी. बुरशी आलेला भाग जनावरास घालू नये.

५. स्पिरुलिना : हिरवट निळ्या रंगाचे हे सूक्ष्म शेवाळ उघड्या टाकीत वाढवून रोज त्याचा थोडा भाग कापडाने गाळून घेतात व पाणी परत टाकीत सोडतात. ही एक प्रकारची अखंड पद्धतच आहे. उघड्या टाकीत ती चालते याचे कारण खाण्याच्या सोड्यामुळे पाणी इतके अल्कधर्मी असते की बहुतेक परके जंतू त्यात तग धरीत नाहीत. सोडा कमी घातला किंवा पावसाचे पाणी टाकीत शिरले, तर हे संरक्षण नाहीसे होते. दुसरी गोष्ट अशी की स्पिरुलिनात प्रथिने भरपूर असली तरी त्यातील ब-१२ बहुतांशी अशा रूपात असते की ते माणसाच्या उपयोगी पडत नाही. ब-१२ साठी तिच्यावर विसंबू नये.

६. जीवनसत्त्व मिश्रण : ते उन्हात ठेवू नये. ब-२ प्रकाशाने नष्ट होते. मिश्रण प्रथम मूठभर कोंड्यात, नंतर पाटीभर खाद्यात व शेवटी सर्व खाद्यात मिसळावे. म्हणजे ते सर्वत्र सारखे पसरेल.

उद्योग काढण्यापूर्वी तीन प्रश्न

मोलॅसिस, फळांचा चोथा किंवा दुधाची निवळी यांवर जंतू वाढवून खाद्य तयार करण्याच्या योजना आता बचत गट व शेतकरी संस्था यांच्यापुढे येऊ लागल्या आहेत. अशी योजना पुढे आल्यास गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्राच्या किंमतपत्रकापूर्वी पुढील तीन प्रश्नांची उत्तरे मागावीत.

पहिला प्रश्न : जंतू स्वतः हवा आहे की त्याने केलेले द्रव्य हवे आहे? जंतूच हवा असेल तर अखंड पद्धतीचा विचार करावा. द्रव्य हवे असून ते वाढ थांबल्यावर मिळत असेल, तर घाणा किंवा पुरवणीची रीतच योग्य होय.

दुसरा प्रश्न : शुद्धता किती दिवस राखता येईल? वाफ, शुद्ध हवा, रोजची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी आणि न खंडणारी वीज यांची सोय आहे काय? दाट वाढलेल्या व हवेवर जगणाऱ्या जंतूंस वीज गेल्यावर काही मिनिटांतच गुदमरण्याची पाळी येते. ज्या गावी वीज रोज काही तास नसते, तेथे अखंड पद्धतीचे आश्वासन कागदावरच राहील. तेथे लहान लहान घाणे काढणे शहाणपणाचे ठरेल. एक गेला तरी बाकीचे वाचतात.

तिसरा प्रश्न : माल रोज खपेल काय? अखंड पात्र रोज माल देते, तो मागणी असो वा नसो. ओला माल एका दिवसातच नासतो. तो वाळविण्याची व विकण्याची व्यवस्था तितकीच अखंड नसेल, तर पात्राची गती निरुपयोगी आहे. घाण्याची पद्धत मागणी पाहून थांबविता येते.

या तीन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे ज्या ठिकाणी मिळतील तेथे अखंड पद्धत अवश्य स्वीकारावी. जेथे ती मिळणार नाहीत तेथे घाण्याची पद्धत मागासलेली समजून टाकून देऊ नये. ब-१२ सारखे मौल्यवान जीवनसत्त्व जगातील मोठे कारखाने आजही घाण्यानेच तयार करतात. ज्या पद्धतीत आपला जंतू शुद्ध राहतो, हवे ते द्रव्य देतो आणि एका चुकीने सर्व भांडवल बुडत नाही, तीच पद्धत आपल्या गावास योग्य होय.